बाहेर पाठवलेले

ता. ९ जून

चि. धाकटी हिस,

अनेक आशीर्वाद.

इकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? शेकायला सांग आणि जिना कमी चढ म्हणावं. ती ऐकणार नाही ते वेगळं. लेकीचं शाळेचं शेवटचं वर्ष, तेव्हा अभ्यासाला लागली असेलच. तिलाही आशीर्वाद.

फोन करून पाहिला, तू उचलत नाहीस. मावशींच्या हाती तोंडी निरोप द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "मी झाडते-पुसते वहिनी, तुमचं टपाल नाही वाहणार." म्हणून लिहायला बसले. पत्र मात्र त्यांच्याच हाती देणार आहे. कुरकुरतील, पण नेतील. कागद पाठकोरे आहेत, जुन्या अपॉइंटमेंटच्या याद्यांचे. रागावू नकोस. कोरा कागद संपवणं माझ्या जिवावर येतं हे इतक्या वर्षांत तुला कळलंच असेल.

तू गेल्याला आठवडा होऊन गेला. पोरवयात दवाखान्यात आलीस म्हणून सगळ्यांनी धाकटी म्हटलं, आता तुझी लेक तुझ्या खांद्याला लागली तरी आमच्यासाठी तू धाकटीच. इतकी वर्षं डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी उभी राहिलेली मुलगी, एका बैठकीत जरा बोलणं काय वाढलं, एप्रन खुंटीला अडकवून चालू लागते, याला काय म्हणावं? एप्रन मी धुऊन इस्त्री करून ठेवलाय.

तुझ्या जागी एक मुलगी घेतली आहे. स्वभावाने गोड आहे. डॉक्टरांनी चिमटा मागितला की आरसा देते, आरसा मागितला की कापूस देते आणि वर "सॉरी सर" म्हणते. परवा एका पेशंटला हसू फुटलं. तोंडात ड्रिल असताना हसणं म्हणजे काय, तुला सांगायला नको. काउंटरवर बसणारी आपली बडबडी रेडिओ मात्र चालूच असते. नाव तू ठेवलंस, आता पेशंटसुद्धा तिला तोंडावर रेडिओताई म्हणायला लागलेत, आणि तिला ते आवडतं.

तुला वाटत असेल, वहिनी त्या फळ्याच्या नादाला लागून बिघडली. मी फळा का लावला ते एकदा नीट ऐक. छोट्या दवाखान्यांसाठी ते एक दिवसाचं शिबिर होतं ना, तिथे सगळे शिकलेसवरलेले, मी एकटी मॅट्रिक. मागच्या खुर्चीत बसून सगळं उतरवून घेतलं. समोरचा माणूस म्हणाला, कर्मचाऱ्यांपासून धंदा लपवू नका, आपलं ध्येय काय ते त्यांना सांगा, महिन्याला किती जमलं ते दाखवा, मग दवाखाना त्यांना स्वतःचा वाटेल. मला ते अगदी पटलं. झाकूनपाकून ठेवू नये, हे तर आपल्याला प्रार्थनेतही शिकवलेलं आहे. म्हणून चहाच्या खोलीत फळा आणला. वर लिहिलं 'नवी खुर्ची', कारण जुनी खाली करताना रेड्यासारखी ओरडते आणि दुसरी आली तर दोघांचं काम एका वेळी होईल. खाली तीन ओळी आखल्या. आलेले, पूर्ण झालेले, बाहेर पाठवलेले. सोमवारी सकाळी आधी एक मिनिट प्रार्थना, मग आकडे. तुम्ही सगळ्या किती खूश होतात! मावशी तर म्हणाल्या, "खुर्ची आली की पहिली मी बसणार, आणि डॉक्टरांनी माझा एक दात तरी काढायलाच पाहिजे, उद्घाटनाला."

मी आकडे कोणाला टोचायला लिहिले नव्हते. तिसरी ओळ दर महिन्याला वाढत होती. अवघड दाढांच्या तारखा तूच द्यायचीस आणि त्यातलेच लोक तू कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवत होतीस. मी विचारलं, का? विचारायला नको होतं का? तू एक शब्द बोलली असतीस तर तिथेच मिटलं असतं. तू गप्प बसलीस. गप्प बसणाऱ्याबद्दल चार माणसं चार तर्क करतात.

मला एवढंच म्हणायचंय, तू परत ये. सोमवारच्या बैठकीत एकदा कारण सांग, म्हणजे कोणाच्या मनात काही राहणार नाही. मी स्वतः विषय संपवीन.

आणि हो, शाळेतले ते निवृत्त मास्तर, ज्यांची अक्कलदाढ तू सारखी पुढे ढकलत होतीस, त्यांना येत्या मंगळवारचं बोलावलंय. डॉक्टर स्वतः काढणार. या महिन्यात तिसरी ओळ कोरी ठेवायची असं रेडिओने मनावर घेतलंय.

आईला नमस्कार. उत्तराची वाट पाहते.

तुझी
वहिनी

*

ता. १३ जून

चि. धाकटी,

आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मावशींनी दिली. हसत दिली नाही. "घ्या, आता मी पोस्टमन झालेच आहे," म्हणाल्या.

चार ओळी. त्यात माझ्या एका प्रश्नाचं उत्तर नाही. 'मास्तरांची दाढ डॉक्टरांना काढू देऊ नका. कोपऱ्यावरच्या बाईंकडे पाठवा. का ते विचारू नका. आईचा गुडघा बरा आहे.'

अजून तेच? घरी बसूनसुद्धा तुझं लक्ष आमचे पेशंट तिकडे जातात की नाही यातच? मी आपली तुझा एप्रन इस्त्री करतेय, आणि तू मला लिहितेस, विचारू नका. खरं सांगते, चिठ्ठी वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. माणसाच्या मनात एकदा शंका आली की ती काढायला हात द्यावा लागतो समोरच्याने. तू तर तीच शंका मावशींच्या हाती चिठ्ठीतून पाठवलीस.

चिठ्ठी मी डॉक्टरांना दाखवली. म्हटलं, बघा, तिकडची ओढ अजून सुटत नाही. त्यांनी वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मी विचारलं, "काय म्हणायचं याला?" तर म्हणाले, "चहा दे." त्यांचाही तुझ्यावर जीव होता. त्यांना किती लागलं असेल, तुला कल्पना नाही. म्हणून मी पुढे काही बोलले नाही.

हल्ली ते खरंच फार शांत झालेत. माणूस वयाने पिकतो म्हणतात तसं. चहा अर्धाच कप भर म्हणतात. इतकी वर्षं मी काटकसर काटकसर करून कानीकपाळी ओरडले, शेवटी मुरलं म्हणायचं. आणि आता कागदांवर सह्या मलाच करायला सांगतात. म्हणाले, "हिशेब तू बघतेस, सही तुझीच शोभते." बँकेत जाऊन सगळी व्यवस्था करून आले. मॅट्रिक बायकोवर एवढा भरवसा टाकणारा माणूस शोधून सापडायचा नाही. देवाने मला काही कमी केलं नाही.

मास्तर मंगळवारी येतीलच. तू काळजी करू नकोस, निदान अशी काळजी तर करूच नकोस.

तुझ्यासाठी दार उघडं आहे, पण उंबऱ्याशी उभं राहून मीच किती वेळा हाक मारायची? देव तुला सुबुद्धी देवो.

वहिनी

*

ता. ४ जुलै

प्रिय धाकटी,

नमस्कार.

मोठ्याने लहानाला नमस्कार लिहायची रीत नाही. आशीर्वाद लिहायला घेतला आणि पेन पुढे जाईना. आशीर्वाद देणाऱ्याजवळ द्यायला काहीतरी असावं लागतं.

हे पत्र मी आधी दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. पहिल्यात देवाचं फार लिहिलं होतं. दुसऱ्यात ह्यांचं. कोणाच्या तरी मागे लपल्यासारखं वाटलं. आता सरळ जे झालं ते लिहिते.

मास्तर त्या मंगळवारी आले, छत्री टेकवत. दाढ आडवी होती, एक्स-रेमध्ये मलासुद्धा दिसत होती. नवी मुलगी खुर्चीशेजारी, मी बाहेर काउंटरमागे. भूल दिली, काम सुरू झालं. बराच वेळ झाला, मग आतून मुलगी ओरडली, "सर!" मी धावत गेले. हत्यार निसटून मास्तरांच्या गालाला आतून लांब चिरलं होतं. रक्त थांबत नव्हतं. हे बाजूला उभे होते, दोन्ही हात एकमेकांत गच्च धरलेले. टाके घालायला सुई हातात घेतली आणि परत ठेवली. पुन्हा घेतली, पुन्हा ठेवली. मग मला म्हणाले, "कोपऱ्यावरच्या बाईंना बोलाव. पळ."

मी चप्पल न घालता पळाले. त्या बाई आपल्या पेशंटला तसंच खुर्चीत सोडून आल्या, टाके घातले, उरलेली दाढही काढली. मास्तर बरे आहेत. घास अजून एकाच बाजूने खातात, मी रोज पातळ काहीतरी करून पोचवते. तिसऱ्या दिवशी हे त्यांच्या घरी माफी मागायला गेले तर मास्तर सुजलेल्या तोंडाने म्हणाले, "डॉक्टर, माझंही शेवटी शेवटी अक्षर फळ्याबाहेर जायला लागलं होतं. पोरं हसायची. मी ती हसली म्हणून त्यांनाच बाकावर उभं करायचो." मी पेजेचा डबा घेऊन तिथेच दारात उभी होते.

त्यांचा उजवा हात थरथरतो. तुला हे सांगतेय, आणि तुला ते माझ्या आधी माहीत होतं. आमच्या घरात, माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाचा हात थरथरतो हे मला कळलं नाही. अर्धा कप चहा कशासाठी होता ते मला मास्तरांचं रक्त पुसताना कळलं. पूर्ण कप सांडत होता. सह्या मला का दिल्या, तेही. मी त्याला भरवसा समजून तुला पत्रात मिरवलं. तू ते वाचलं असशील आणि तुला सगळं कळलं असेल. तरी तू उलट उत्तर पाठवलं नाहीस.

त्या संध्याकाळी त्यांनी सगळं सांगितलं. मागच्या पावसाळ्यात तुझ्या लक्षात आलं. एक दिवस चिमटा हातात देताना तू तो लगेच सोडला नाहीस, त्यांचा हात स्थिर होईपर्यंत धरून ठेवलास, आणि पेशंटला म्हणालीस, "तोंड अजून थोडं उघडा हं काका." तेव्हापासून तुमचं हे असं चालू होतं. सोपी कामं त्यांच्याकडे, अवघड दाढा तिकडे. त्यांनी तुला लेकीची शपथ घातली होती, घरात कळता कामा नये म्हणून. स्वतःच्या बायकोला कळू नये म्हणून दुसऱ्याच्या लेकीची शपथ! हे ऐकलं तेव्हा मी त्यांना जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

आता त्या बैठकीचं. पहिल्या पत्रात मी लिहिलं, 'जरा बोलणं वाढलं'. बोलणं वाढलं नव्हतं. बोलत मी एकटी होते.

रेडिओ म्हणाली होती, "आपल्या खुर्चीचा एकेक पाय कोपऱ्यावर चाललाय बाई." सगळ्या हसल्या. तूही हसलीस. तिथे थांबायला हवं होतं. पण मी लाल पेन घेतलं, तिसऱ्या ओळीतल्या आकड्याला गोल केला, आणि तुझ्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, "तिकडून काही मिळतं का तुला?"

हे वाक्य मी दोन पत्रांत गाळलं. लिहायला हात होत नव्हता, म्हणजे तेव्हाही कुठेतरी माहीत होतं ते काय होतं.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तू ह्यांच्याकडे बघितलंस. मला वाटलं, डॉक्टरांनी आपली बाजू घ्यावी म्हणून बघतेय, आणि मला आणखी राग आला. आता कळतं, तू बोलायची परवानगी मागत होतीस. हे समोर स्टुलावर बसले होते, हात एप्रनच्या खिशात. त्यांनी मान खाली घातली. मग तू एप्रन काढलास.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही का नाही बोललात? एक शब्द? 'मी सांगितलंय तिला', एवढं तरी?" मग म्हणाले, "तू तिला विचारलंस तेव्हा सगळे तिच्याकडे बघायला लागले. मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी माझ्या हाताकडे कोणी बघत नव्हतं."

धाकटी, मी त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नाही. जेवण वाढायची, आणि उठून जायची. प्रार्थनेला बसायची तर शब्द यायचे पण मी त्यांच्यात नसायची. देवावरही राग काढून झाला. मग हळूहळू लक्षात आलं की हा सगळा राग ह्यांच्यावर ढकलून मी मोकळी होतेय. मान त्यांनी खाली घातली, पण प्रश्न कोणी विचारला होता? तुझी चिठ्ठी कोणाच्या हातात आली होती? 'का ते विचारू नका' असं माझ्या माहितीतली सगळ्यात सरळ मुलगी लिहिते, तेव्हा त्यात काहीतरी असेल असं मला का वाटू नये? मला वाटलं नाही, कारण माझ्याकडे आकडा होता. शिबिरातून आल्यापासून माझा असा समज झाला होता की फळ्यावर लिहिलं म्हणजे खरं सांगितलं. तिसरी ओळ मी आखली. तिच्यातला एकेक माणूस तू गाल चिरण्यापासून वाचवलेला होता, आणि मी तो तुझ्या नावावर तोटा म्हणून मांडला.

त्यानंतर मी कोपऱ्यावर गेले. बाईंचे उपकार मानायचे हे निमित्त होतं. खरं म्हणजे मला विचारायचं होतं. बाई हात धूत होत्या. म्हणाल्या, "तुमची ती मुलगी? ती कधी माझ्याकडे पाणीसुद्धा प्यायली नाही. पेशंटला दारापर्यंत सोडायची. 'आमच्या डॉक्टरांची तारीख लांबची आहे, ह्यांना फार दुखतंय, तुम्ही बघाल का?' एवढंच म्हणायची. मला दुसरं काही कळलंच नाही, मास्तरांच्या दिवसापर्यंत."

मग त्या म्हणाल्या की तू काम सोडल्याचं कळल्यावर त्यांनी तुला बोलावलं होतं. खुर्चीशेजारची जागा, शनिवार अर्धा दिवस, लेकीची शाळा जवळ. तू नाही म्हणालीस. त्यांनी कारण विचारलं तर म्हणालीस, "मी तुमच्याकडे आले तर वहिनींचं म्हणणं खरं ठरेल."

आणि आता तू गोदामात दिवसभर उभी राहून खोकी चिकटवतेस, हे मला मावशींनी सांगितलं. मी विचारलं, "तुम्ही आधी का नाही बोललात?" तर म्हणाल्या, "तुम्ही फळ्यावर ती ओळ आखली नव्हती."

तर मी काय केलं ते ऐक. बाईंच्या दवाखान्यात बाहेर बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. मी तिथेच उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं की आमच्याकडे इतकी वर्षं काम करणाऱ्या मुलीवर मी पैसे खाल्ल्याचा आळ घेतला, तो साफ खोटा होता, आणि हे मी सगळ्यांसमोर सांगायला आले आहे. गाल सुजलेल्या एका बाईंनी पदर तोंडावरून काढला आणि म्हणाल्या, "अहो, मला काय सांगताय? माझी दाढ ठणकतेय. आधी मला आत जाऊ द्या." कोणीतरी हसलं. मी बाजूला झाले. चांगलंच झालं. माझा मोठेपणा तिथल्या तिथे उतरला.

एवढ्याने झालं असं मला वाटत नाही. तुझा अपमान चहाच्या खोलीत झाला होता, म्हणून खुलासाही तिथेच व्हायला हवा होता. पण तो करायचा तर ह्यांच्या हाताचं सांगावं लागणार. आणि ते बाहेर गेलं की दवाखाना संपला. कोण येणार दात दाखवायला? मी ह्यांना विचारलं. आमचं बोलणं सुरू झाल्यावर विचारलेली ही पहिली गोष्ट. म्हटलं, "तुमची परवानगी नसेल तर मी नाही सांगणार. पण मग त्या खोलीत मी पुन्हा पाऊल टाकणार नाही, आणि सोमवारी प्रार्थनाही म्हणणार नाही." ते म्हणाले, "मीच सांगतो."

सोमवारी सगळ्या जमल्या. त्यांनी खिशातून हात काढला आणि टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. कपबशी किणकिणायला लागली म्हणून नव्या मुलीने ती उचलून घेतली. ते म्हणाले, "हे धाकटीला वर्षभर माहीत होतं. माझ्या सांगण्यावरून ती पेशंट बाहेर पाठवत होती. तिच्यावर आळ आला तेव्हा मी इथेच बसलो होतो आणि बोललो नाही." बस, एवढंच.

मला वाटलं होतं सगळ्या रडतील, धीर देतील. तसं काही झालं नाही. रेडिओ एकदम उसळली. "म्हणजे मी त्या मास्तरांना फोन करकरून बोलावलं! मी! खुर्चीसाठी! आणि तुम्हाला ठाऊक होतं डॉक्टर, तरी तुम्ही तारीख घेऊ दिलीत?" हे म्हणाले, "नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं." ती म्हणाली, "मग सांगायचं होतं!" आणि बाहेर जाऊन काउंटरवर बसली. त्या दिवशी पहिल्यांदा रेडिओ बंद होती. पेशंट विचारत होते, ताईंना बरं नाही का?

मावशींनी विचारलं, "आता पुढे काय? खरं सांगा. खुर्चीचं गाणं नको." मी सगळं सांगितलं. दवाखाना किती महिने कसाबसा चालेल, हे आता फक्त तपासतील, कोणी तरुण डॉक्टर मिळाला तर बघू, नाही मिळाला तर कुलूप. एकही गोष्ट मागे ठेवली नाही. मावशी म्हणाल्या, "हे तुम्ही सहा महिन्यांआधी सांगितलं असतं तर मी तेव्हाच दुसरीकडे शब्द टाकला असता. आता या वयात मला कोण घेतंय?" त्या शिबिरात ध्येय सांगा म्हणाले होते, कामगिरी दाखवा म्हणाले होते. मी ते सगळं केलं. ज्या एका गोष्टीवर त्यांची पोटं अवलंबून होती ती मला स्वतःलाच माहीत नव्हती, आणि जिला माहीत होती तिला मी घालवलं.

मावशी महिनाअखेर जाणार आहेत. रेडिओ बोलायला लागली आहे, पण माझ्याशी कामापुरतं. नवी मुलगी आता चिमट्याला चिमटाच देते, पण तो धरायला समोर कोणी नाही.

आता तुझ्याबद्दल. परत ये असं लिहायची मला फार इच्छा होती. फाडलेल्या दोन्ही पत्रांत तेच लिहिलं होतं. पण इथे तुझ्यासाठी काम उरलेलं नाही, आणि तू आलीस तर ते माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून येशील. तू कोपऱ्यावर जा. मी त्या बाईंशी बोलून आले आहे, त्यांनी जागा अजून भरलेली नाही, तुझ्यासाठी थांबल्या आहेत. तू तिकडे गेलीस तर माझं म्हणणं खरं ठरणार नाही. ते खोटं होतं हे आता चहाच्या खोलीत सगळ्यांना माहीत आहे, त्या बाकावरच्या लोकांना माहीत आहे, आणि अजून कोणाला सांगायचं असेल तर नाव कळव, मी जाऊन सांगेन. माझ्यामुळे गोदामात उभी राहू नकोस. एवढंच मागते. मला क्षमा कर असं मागत नाही, ते मागितलं की तुला पुन्हा माझं काहीतरी करावं लागेल.

ह्यांनी तुला लिहायचा प्रयत्न केला. अक्षर लागत नाही. म्हणाले, "तिला सांग, शपथ सुटली." एवढंच सांगते.

आईची आणि लेकीची काळजी घे. तिकडे कामाला जाताना सकाळी तुला आमच्या दारावरून जावं लागेल. मी त्या वेळी पायरी धूत असते. फुटपाथ बदलू नकोस. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी आत जाईन. रस्ता तुझा आहे, तू सरळ जा.

तुझी अपराधी,
वहिनी